चौथी पिन

हवाई दलात भरती झालात, बेळगावला सांबऱ्यात बेसिक ट्रेनिंग झालं, ट्रेड शिकून झाला, आता स्क्वॉड्रनच्या सेफ्टी इक्विपमेंट सेक्शनला, म्हणजे पायलटचं जीव वाचवणारं सामान सांभाळायला, पोस्टिंग आलंय, अशा पोरांसाठी लिहितोय. जी-सूट, हेल्मेट, सर्व्हायव्हल किट तुम्हाला ठाऊक आहेत. मी बोलणार आहे ते मध्येच सोडून परत हातात घेतलेल्या कामाबद्दल.

माझं पहिलं वर्ष. टेबलावर पायलटचं पॅराशूट होतं. दोऱ्या लागल्या होत्या, पॅक बंद करत होतो. बंद करताना लूप धरून ठेवायला लाल फितीच्या चार तात्पुरत्या पिना लावलेल्या. तेवढ्यात फ्लाइट लाइनवरून, म्हणजे विमानं उभी असतात तिथून, फोन आला, एका ऑक्सिजन मास्कचा माइक बंद पडलाय, पळत ये. वीस मिनिटांनी परतलो आणि 'इथपर्यंत झालं होतं' असं मनाशी म्हणत पॅक बंद केला. पिना मोजल्या. तीन.

टेबलाखाली पाहिलं, खिसे उलटे केले. एक सीनिअर म्हणाला, "गिर गयी होगी कहीं, साइन कर दे." माणूस वाईट नव्हता. माझा हात पेनाकडे गेला होता, हे आजही आठवलं की पोटात गोळा येतो. तपासणीच्या सार्जंटनी एक शब्द न बोलता अख्खा पॅक उघडायला लावला. चौथी पिन आत, घडीखाली, फितीसकट. ती तशीच राहिली असती तर पॅक उघडलाच नसता. सकाळी त्याच पायलटच्या मास्कचं फिटिंग मी केलं होतं.

म्हणून सांगतो, काम तुटलं की आठवणीवर विसंबू नका. शेवटची सही जिथे आहे तिथे मागे जा, शंका आली तर सगळं उघडा. उठायच्या आधी 'काम अपूर्ण' असा टॅग लावा. बोलावणारा कितीही मोठ्या रँकचा असो, "पॅक उघडा आहे सर, बंद करून येतो" म्हणा. ओरडेल, ओरडू दे.

सीनिअरच्या डायरीतून उतरवलेल्या नोट्स फेकून द्या. टेक्निकल ऑर्डरमध्ये, म्हणजे कामाच्या अधिकृत सूचनांमध्ये, दुरुस्त्या येतात, डायरीत येत नाहीत. आणि उस्ताद निवडताना झरझर हात चालणाऱ्याच्या मागे लागू नका. वीस वर्षांनंतरही कामाच्या पायऱ्यांच्या कार्डावर बोट ठेवून वाचणारा शोधा.

हाताला क्रीम किंवा ग्रीस असेल तर ऑक्सिजनच्या सामानाला हात लावू नका. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल लागलं की आग लागू शकते. मास्कची गळतीही 'थोडीशीच' म्हणून सोडू नका. ३५,००० फुटांवर ऑक्सिजन तुटला तर माणूस जेमतेम ३० ते ६० सेकंद भानावर असतो.

सुरुवातीला हात हळू चालेल, तुमच्यामुळे काम अडलंय असं ऐकावं लागेल. मीही ऐकलं. घाबरू नका, वेग आपोआप येतो. सेक्शनमधलं कंडम झालेलं पॅराशूट मागून घ्या, सुट्टीच्या दुपारी दहादा पॅक करा. आणि मित्राला सांगून ठेवा, मध्येच कधीतरी हाक मार.