प्राथमिक उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी शिकत कसे राहावे

महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणीचे दर 5 वर्षांनी नूतनीकरण करण्यासाठी सतत वैद्यकीय शिक्षणाच्या व्याख्यानांसारख्या कार्यक्रमांतून मिळणारे 30 क्रेडिट पॉइंट लागतात, आणि ते मिळवावेतच. परंतु केवळ व्याख्याने ऐकून उपचारांच्या सवयी फारशा बदलत नाहीत. म्हणून जनरल प्रॅक्टिशनरने किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याने अभ्यासाचा विषय आपल्याच ओपीडीतून निवडावा.

रुग्ण तपासताना पडलेला प्रश्न लगेच वहीत लिहावा. उदाहरणार्थ, मूत्रपिंडाचे कार्य घटलेल्या मधुमेहीला मेटफॉर्मिन द्यावे का? त्याच आठवड्यात उपचार-मार्गदर्शिका उघडली, की ईजीएफआर (मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची क्षमता दाखवणारा आकडा) 30च्या खाली असल्यास ते बंद करावे आणि 30 ते 45च्या दरम्यान मात्रेचा फेरविचार करावा, हे उत्तर मिळते. स्वतःच्या रुग्णासाठी शोधलेले असल्यामुळे ते लक्षातही राहते.

सर्वांत अधिक शिकवते ती स्वतःच्या नोंदींची तपासणी. उच्च रक्तदाबाच्या 50 रुग्णांचे केसपेपर सलग घ्यावेत आणि गेल्या 3 महिन्यांतील शेवटच्या भेटीत कितीजणांचा दाब 140/90च्या खाली होता, हे मोजावे. जे या काळात आलेच नाहीत त्यांना वगळू नये, कारण आकडा चांगला दिसण्याचा मोह तिथेच होतो. मग कारणे शोधावीत: गोळ्या संपल्या होत्या का, दाब वाढलेला दिसूनही मात्रा तशीच ठेवली का, रक्तदाब मोजण्याचा पट्टा दंडाला लहान पडत होता का? यांपैकी एकच गोष्ट सुधारावी, उद्दिष्ट लिहून ठेवावे आणि 3 महिन्यांनी पुन्हा मोजावे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या बारकाईने ठेवलेल्या नोंदींतूनच प्राझोसिन या औषधाचा उपचार 1986मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकापर्यंत पोहोचला, हे प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याने आवर्जून लक्षात ठेवावे.

तालुक्यातील सहा-आठ डॉक्टरांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून, रुग्णाची ओळख उघड न करता, अडलेल्या केस मांडाव्यात. तज्ज्ञाला बोलवावे ते व्याख्यानासाठी नव्हे, तर या केसवरील प्रश्नांसाठी, आणि खर्च औषध कंपनीकडून घेऊ नये.

रेफर केलेल्या रुग्णाचे अंतिम निदान ग्रामीण रुग्णालयाला फोन करून विचारावे आणि आपण चिठ्ठीवर लिहिलेल्या निदानाशेजारी वहीत नोंदवावे. दोन्ही जुळत नसतील, तर ती केस पुढच्या बैठकीत सर्वांत आधी घ्यावी.