आठवण पाठवण्याआधी यादी बघा

त्याच माणसांना फेरीफेरीने पुन्हा प्रश्न विचारत वर्षानुवर्षं चालणाऱ्या एका सर्वेक्षणात मी रुजू झाले, तेव्हा हाती आलेलं पहिलं काम म्हणजे ज्यांचा भरलेला फॉर्म आला नाही त्यांना आठवणीचे मेसेज पाठवणं. तिसरा मेसेज गेला आणि तासाभरात एका बाईंचा फोन आला. "अहो, मी रविवारीच फॉर्म भरलाय. तुम्ही बघत नाही का?" त्यांचं उत्तर खरंच आलेलं होतं. आमची यादी आठवड्यातून एकदाच अद्ययावत व्हायची. मी माफी मागितली, पण पुढच्या फेरीला त्या म्हणाल्या, "या वेळी राहू द्या."

एकदाच होणाऱ्या पाहणीत माणूस वैतागला तर एक फॉर्म जातो. इथे तोच माणूस पुढच्या फेरीतही हवा असतो, आणि त्याच्या जागी दुसरा घेऊन चालत नाही. त्यातून गळणारी माणसं टिकणाऱ्यांसारखी नसतात. तरुण आणि सतत घर बदलणारे जास्त गळतात, मग आकडेच एका बाजूला झुकतात. म्हणून आठवण पाठवायच्या दिवशी सकाळी यादी ताजी करा आणि ज्यांचं उत्तर आलंय त्यांना त्यातून वगळा; त्यांना आभाराचा वेगळा मेसेज पाठवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते दुसऱ्यावर सोडू नका.

किती वेळा आठवण द्यायची? अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॉन डिलमन यांनी १९७८ मध्ये मांडलेली टपालाची पद्धत मला आजही उपयोगी वाटते. फॉर्म पाठवल्यावर आठवड्याने सगळ्यांना एक कार्ड, त्यात आभार आणि आठवण दोन्ही. तिसऱ्या आठवड्यात फक्त ज्यांचं उत्तर आलं नाही त्यांना पत्र आणि नवा फॉर्म. सातव्या आठवड्यात पोच मिळणाऱ्या टपालाने पुन्हा. ऑनलाइन कामात हे अंतर कमी करावं लागतं, पण तत्त्व तेच: प्रत्येक आठवण आधीच्यापेक्षा वेगळी दिसली पाहिजे. दोन मेसेज वाया गेले असतील तर तिसऱ्यांदा फोन करा, वेगळ्या वेळी. प्रत्येक पुढच्या आठवणीला प्रतिसाद कमीच येतो, त्यामुळे थांबायचं कधी हे आधीच ठरवून ठेवा. आणि "ही शेवटची आठवण" असं लिहिलंत, तर ती खरंच शेवटची असू द्या.

मजकुराबद्दल. आमचा जुना मेसेज होता: "आपण अद्याप सर्वेक्षण पूर्ण केलेले नाही. त्वरित पूर्ण करावे." वाचणाऱ्याला थकलेल्या हप्त्याची नोटीस आल्यासारखं वाटावं! आता आम्ही लिहितो: "गेल्या वर्षी तुम्ही आम्हाला वेळ दिला होता. मधल्या काळात काय बदललं, ते समजून घ्यायचंय. १५ मिनिटं लागतील, लिंक २० तारखेपर्यंत चालू आहे." गेल्या वेळी त्यांनी काय उत्तर दिलं, हे मात्र मेसेजमध्ये कधीच लिहायचं नाही. फोन घरात कुणाच्याही हाती असू शकतो.

दोन फेऱ्यांच्या मधला काळही आठवणीचाच असतो. ब्रिटनमध्ये मार्च १९४६ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या ५,३६२ जणांचा अभ्यास अजून चालू आहे, आणि त्यांना वाढदिवसाला कार्ड पाठवलं जातं. त्यात काही मागितलेलं नसतं. शिवाय कार्ड परत आलं, की पत्ता बदलल्याचं फेरी सुरू होण्याआधीच कळतं.

नकाराची नोंद नीट करा. "आत्ता नको" आणि "कधीच नको" यांना दोन वेगळे कोड हवेत. दुसरा आला तर त्याच दिवशी नाव आठवणींच्या यादीतून काढा, मनधरणी करू नका. त्या बाईंच्या नावापुढे मी "या फेरीत नको" एवढंच लिहिलं होतं. त्यापुढच्या फेरीत मेसेज न पाठवता मी त्यांना थेट फोन केला. "थांबा, चष्मा घेते," म्हणाल्या, आणि सगळा फॉर्म फोनवरच सांगितला.