शहराचं चार्टर बदलतंय? मग आपलं म्हणणं असं मांडा

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी लिहितेय. सिटीकडून "चार्टर रिव्ह्यू"चं पत्रक किंवा ईमेल आलं असेल तर प्लीज रद्दीत टाकू नका. चार्टर म्हणजे शहराची राज्यघटनाच समजा, मेयरला अधिकार किती, कौन्सिलवर किती जण, ते वॉर्डातून निवडून येणार की अख्ख्या शहरातून, ऑडिटर कोण नेमणार, किती सह्या जमल्या की लोकांचा प्रस्ताव बॅलटवर येतो, हे सगळं तिथे ठरतं आणि एकदा ठरलं की पुढची कित्येक वर्षं त्याला कोणी हात लावत नाही.

मी पहिल्यांदा चार्टरच्या हिअरिंगला, म्हणजे जाहीर सुनावणीला गेले तेव्हा माझी दोन मिनिटं आमच्या गल्लीतल्या फुटलेल्या फुटपाथवर घालवली. चार्टर कमिशनच्या, म्हणजे चार्टरमधले बदल सुचवणाऱ्या समितीच्या लोकांनी शांतपणे ऐकलं पण कोणी काही लिहून घेतलं नाही, मला फार वाईट वाटलं. बाहेर आल्यावर शेजारच्या खुर्चीतल्या बाई म्हणाल्या, फुटपाथचं नका सांगू, तक्रार वर्षभर पडून राहिली तर जबाबदार कोण हे चार्टरमध्ये कुठेच लिहिलेलं नाही, ते सांगा. तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला.

म्हणून आधी हे बघा की तुमचा मुद्दा नक्की कुठे बसतो. राज्याचा कायदा वर, त्याच्या खाली चार्टर, त्याच्या खाली कौन्सिलचे ऑर्डिनन्स, म्हणजे शहरापुरते कायदे. पार्किंगचा दंड जास्त वाटतोय तर ते ऑर्डिनन्सचं काम, त्यासाठी कौन्सिल मेंबरला गाठा. राज्याने एखाद्या गोष्टीवर बंदीच घातली असेल तर शहराच्या चार्टरने ती उठत नाही. पण "निर्णय कोण घेतो, कोणाला विचारून घेतो, चुकला तर जाब कोण देतो" असा प्रश्न असेल तर तो चार्टरचा, बिनधास्त मांडा.

मग मूळ मजकूर उघडा. सिटी क्लर्ककडे, म्हणजे शहराची कागदपत्रं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे मिळतो, बहुतेक शहरांच्या वेबसाइटवरही असतो. सगळा वाचायची गरज नाही, आपल्या मुद्द्याचं कलम शोधा आणि त्यात "शॅल" आहे की "मे" आहे ते बघा. माझ्या मते सगळी मेख इथेच असते, "शॅल" म्हणजे करावंच लागेल आणि "मे" म्हणजे वाटलं तर करतील. बजेटच्या आधी खात्याने लोकांची बैठक घ्यायची हे "मे"मध्ये असेल तर बैठक झाली नाही म्हणून तुम्ही कोणाला धरू शकत नाही. नवा मसुदा आला असेल तर त्यात काढलेले शब्द खोडलेले आणि नवे शब्द अधोरेखित दिसतात, खोडलेले आधी वाचा, कारण भाषणात ते कोणी सांगत नाही.

लेखी म्हणणं एक पान, एकच मुद्दा. कलमाचा नंबर, आता काय लिहिलंय, त्यामुळे तुमच्या बाबतीत काय घडलं, आणि त्या जागी नेमके कुठले शब्द हवेत. हे शेवटचं बहुतेक लोक लिहीतच नाहीत, पण सदस्यांना तयार वाक्य मिळालं की ते चर्चेला घेणं सोपं जातं. दुसऱ्या शहराचं उदाहरण जोडलंत तर अजून चांगलं. लॉस एंजेलिसच्या नेबरहूड कौन्सिल्स, म्हणजे वस्तीवस्तीतल्या सल्लागार समित्या, 1999 मध्ये मंजूर झालेल्या नव्या चार्टरमधून आल्या, न्यूयॉर्कमध्ये प्रायमरीला, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, पसंतीक्रमाने मत द्यायची पद्धत 2019 च्या चार्टर मतदानातून आली. म्हणजे हे होऊ शकतं.

बोलायला साधारण दोन-तीन मिनिटं मिळतात, घरी घड्याळ लावून मोठ्याने वाचून बघा, आणि इंग्रजीत अडखळायला होत असेल तर दुभाषा मागा, फक्त काही दिवस आधी कळवा.

आणि हो, आपल्याकडे खूप जण म्हणतात की मी सिटिझन नाही मग मला कोण विचारतंय. मत देणं आणि म्हणणं मांडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसावर असा नाहीतर ग्रीनकार्डवर, रहिवासी म्हणून हिअरिंगला जाऊन बोलता येतं, लेखी देता येतं. मतदार म्हणून नोंदणी मात्र नियम नीट बघितल्याशिवाय अजिबात करू नका, बहुतेक ठिकाणी ती फक्त नागरिकांसाठीच असते. मेरीलँडच्या टाकोमा पार्कने मात्र 1992 मध्ये नागरिक नसलेल्या रहिवाशांनाही शहराच्या निवडणुकीत मताचा अधिकार दिला, आणि तो बदलही चार्टरमध्येच केला.

वेळ फार महत्त्वाची. कमिशन विषय ठरवत असतं तेव्हाच जा, मसुदा पक्का झाल्यावर स्वल्पविराम हलतात, गाभा हलत नाही. प्रस्ताव बॅलटवर कोण पाठवतं तेही विचारून घ्या. ओरेगॉनमधल्या पोर्टलँडला 20 जणांचं चार्टर कमिशन असतं आणि त्यातले 15 जण एका मताचे झाले तर प्रस्ताव कौन्सिलला वळसा घालून थेट मतदारांकडे जातो, अशा ठिकाणी तुमचं पत्र कमिशनलाच जायला हवं, कौन्सिलला लिहून काय होणार. 2022 मध्ये तिथे असंच झालं, चार वॉर्डांतून प्रत्येकी तीन असे 12 सदस्य, पसंतीक्रमाचं मतदान आणि रोजचा कारभार बघणारा सिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर हे सगळं एकाच प्रश्नात बांधून आलं, म्हणजे एक आवडलं आणि दुसरं नाही तरी उत्तर एकच द्यायचं. तुमच्याकडे असं व्हायला नको असेल तर प्रश्न वेगवेगळे ठेवा अशी मागणी मसुद्याच्या वेळीच करा.

मतदान झालं की लोक विसरून जातात. पण पोर्टलँडची नवी कौन्सिल कामाला लागली जानेवारी 2025 मध्ये, आणि मधल्या काळात वॉर्डांच्या हद्दी आखल्या गेल्या, त्यावरही लोकांना बोलता येत होतं. तुमची गल्ली कुठल्या वॉर्डात जाणार हे अशाच बैठकीत ठरतं, तिची तारीख सिटी क्लर्ककडून आत्ताच घेऊन ठेवा.