अमेरिकेतील अध्यक्षीय लढतींच्या सुरुवातीच्या राज्यवार जनमत चाचण्या कशा वाचाव्यात

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीला दीड-दोन वर्षे शिल्लक असतानाच ‘अमुक राज्यात अमुक उमेदवार चार टक्क्यांनी पुढे’ अशा बातम्या येऊ लागतात. 2028 ची निवडणूक या दृष्टीने अधिकच मोकळी आहे, कारण बाविसाव्या घटनादुरुस्तीनुसार डोनाल्ड ट्रम्प यांना पुन्हा अध्यक्षपदी निवडून येता येत नाही. त्यामुळे एकीकडे रिपब्लिकन पक्षाचे जे. डी. व्हान्स, दुसरीकडे डेमोक्रॅटिक पक्षाचे गॅव्हिन न्यूसम, अशा कितीतरी जोड्या लावून मतदारांना प्रश्न विचारता येतात. या चाचण्यांवरून नोव्हेंबरमध्ये कोण जिंकणार हे ठरवू नये. मात्र कोणता उमेदवार कोणत्या राज्यात आपल्या पक्षाला पुढे नेतो आणि कुठे मागे खेचतो, हे त्यांतून बऱ्याच अंशी कळू शकते, आणि माझ्या मते त्यांचा खरा उपयोग तेवढाच आहे. पुढची पद्धत त्या उपयोगासाठी आहे.

आधी राज्ये निवडावीत. अध्यक्षाची निवड 538 इलेक्टोरल मतांवर, म्हणजे राज्यांना मुख्यतः लोकसंख्येनुसार वाटून दिलेल्या मतांवर, होते आणि विजयासाठी 270 मते लागतात. मेन आणि नेब्रास्का वगळता प्रत्येक राज्यात, तसेच राजधानी वॉशिंग्टनमध्ये, पहिला येणारा सगळी मते घेऊन जातो. 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे 29 लाख मते जास्त मिळाली; तरी मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्ये मिळून 78 हजारांच्या आसपास मतांनी हातची गेली आणि अध्यक्षपदही गेले. 2024 मध्ये या तीन राज्यांबरोबर ॲरिझोना, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना आणि नेव्हाडा अशी सात राज्ये चुरशीची मानली गेली. त्यांची एकूण इलेक्टोरल मते 93 होतात आणि ती सर्व राज्ये ट्रम्प यांनी जिंकली. 2020 च्या जनगणनेवर आधारलेली इलेक्टोरल मतांची ही वाटणी 2028 लाही तशीच राहणार असल्याने सुरुवात याच सात राज्यांपासून करावी. देशव्यापी आकडा फक्त पार्श्वभूमी म्हणून जवळ ठेवावा.

नंतर एक वही किंवा एक्सेलचा तक्ता घ्यावा आणि प्रत्येक चाचणीची नोंद एका ओळीत करावी. बातमीची तारीख लिहू नये. मुलाखती प्रत्यक्ष कोणत्या दिवसांत झाल्या ते लिहावे. किती जणांना विचारले, ते केवळ नोंदणीकृत मतदार होते की प्रत्यक्ष मतदानाला जाण्याची शक्यता असलेले, संपर्क फोनवर झाला की ऑनलाइन, खर्च कोणी केला, ही माहिती बातमीत नसली तरी चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या मूळ निवेदनात बहुधा सापडते. पक्षाने किंवा उमेदवाराच्या प्रचारयंत्रणेने करून घेतलेली चाचणी वेगळ्या रंगात लिहावी, कारण तशा चाचण्यांतले सोयीचे आकडेच बाहेर येतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे केवळ आघाडी न लिहिता दोन्ही उमेदवारांचे आकडे स्वतंत्र लिहावेत. 50 विरुद्ध 46 आणि 44 विरुद्ध 40 या दोन्हींत आघाडी चारच टक्क्यांची दिसते. पण पहिल्या ठिकाणी कुंपणावर चार टक्के लोक आहेत आणि दुसऱ्या ठिकाणी सोळा, आणि सुरुवातीच्या काळात दुसरे चित्र अधिक वेळा पाहायला मिळते.

त्रुटीच्या मर्यादेचा हिशेब एकदा नीट समजून घ्यावा. राज्यवार चाचणीत साधारणपणे 600 मतदारांचा नमुना असतो. अशा नमुन्यात प्रत्येक उमेदवाराच्या आकड्यात चार टक्क्यांपर्यंत कमी-जास्त होऊ शकते. दोघांमधील अंतर मात्र याच्या जवळपास दुप्पट, म्हणजे आठ टक्क्यांपर्यंत हलू शकते, कारण एकाचे वाढले की बहुधा दुसऱ्याचे घटते. म्हणूनच चार टक्क्यांच्या आघाडीला ‘बरोबरीची लढत’ म्हणणे योग्य ठरते. शिवाय हा हिशेब वीसपैकी एकोणीस वेळाच खरा ठरणारा असल्यामुळे पन्नास राज्यांत एकाच वेळी चाचणी घेतली, तर दोन-तीन राज्यांतले आकडे केवळ योगायोगानेही मर्यादेबाहेर जाणार हे गृहीत धरावे लागते.

अशी एक चाचणी प्रत्यक्षात झाली होती, आणि हा विषय शिकण्यासाठी तिच्याइतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही. फेब्रुवारी 2008 च्या अखेरीस सर्व्हेयूएसए या संस्थेने पन्नासही राज्यांत प्रत्येकी 600 नोंदणीकृत मतदारांना दोन लढतींबद्दल विचारले: रिपब्लिकन जॉन मॅकेन विरुद्ध डेमोक्रॅट बराक ओबामा, आणि मॅकेन विरुद्ध डेमोक्रॅट हिलरी क्लिंटन. इलेक्टोरल मतांची बेरीज पहिल्या लढतीत ओबामांच्या बाजूने 280 विरुद्ध 258, तर दुसऱ्या लढतीत क्लिंटन यांच्या बाजूने 276 विरुद्ध 262 आली. बेरजा पाहून कोणीही म्हणेल की दोघांत फारसा फरक नाही. नकाशे मात्र अगदी वेगळे होते. व्हर्जिनिया, कोलोरॅडो, आयोवा आणि नेव्हाडा ही राज्ये ओबामांकडे जात होती, पण क्लिंटन उमेदवार असल्यास मॅकेन यांच्याकडे. उलट आर्कान्सा आणि वेस्ट व्हर्जिनिया क्लिंटन यांच्याकडे जात होती, पण ओबामांकडे नाही.

नोव्हेंबरमध्ये ओबामा 365 इलेक्टोरल मते घेऊन जिंकले, म्हणजे 280 हा आकडा भाकीत म्हणून बराच चुकला. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी या राज्यांत तर चाचणीने ओबामांना मागे दाखवले होते. तिथे ते अनुक्रमे सुमारे दहा आणि पंधरा टक्क्यांनी जिंकले. ज्या नॉर्थ डकोटात त्यांना पुढे दाखवले होते, तिथे ते आठ टक्क्यांहून अधिक फरकाने हरले. पण दोन लढतींमधला फरक पाहिला, तर चाचणीने जे सांगितले ते टिकले. व्हर्जिनिया, कोलोरॅडो, आयोवा आणि नेव्हाडा ही चारही राज्ये ओबामांनी जिंकली, तर आर्कान्सात ते जवळजवळ वीस टक्क्यांनी आणि वेस्ट व्हर्जिनियात तेरा टक्क्यांनी पराभूत झाले. याचे कारण समजण्यासारखे आहे. एकाच राज्यातील त्याच लोकांना, त्याच दिवशी दोन्ही प्रश्न विचारले, तर नमुन्यात काही वाकडे झाले असले तरी ते दोन्ही उत्तरांत बहुतांशी सारखेच उतरते आणि वजाबाकीत निघून जाते. म्हणून तक्त्यात एक स्वतंत्र रकाना ठेवावा आणि त्यात एकाच चाचणीतील, एकाच पक्षाच्या दोन उमेदवारांमधील फरक लिहावा. एका संस्थेच्या चाचणीतला एक उमेदवार आणि दुसऱ्या संस्थेच्या चाचणीतला दुसरा, अशी तुलना करू नये.

पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीमधील चूक मात्र वेगळ्या जातीची होती, आणि ती आजही होऊ शकते. त्या वेळी डेमोक्रॅटिक पक्षातली उमेदवारीची लढत ऐन रंगात होती. न्यू जर्सीची प्राथमिक फेरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारे मतदान, क्लिंटन यांनी नुकतीच जिंकली होती आणि पेनसिल्व्हेनियाची एप्रिलमध्ये व्हायची होती. अशा वेळी हरणाऱ्या गटातले काही मतदार रागाच्या भरात ‘आमचा उमेदवार नसेल तर विरोधकाला मत देऊ’ असे सांगतात आणि उमेदवारी ठरल्यावर बहुतेक जण आपल्या पक्षाकडे परततात. चाचणीच्या तपशिलात एखाद्या उमेदवाराला स्वतःच्या पक्षातील मतदारांचाच पाठिंबा नेहमीपेक्षा फार कमी दिसला, तर तिथे खूण करून ठेवावी.

ओळखीच्या नावाचा फायदाही वजा करावा लागतो. 2007 च्या बहुतांश काळात रिपब्लिकन पक्षातल्या देशव्यापी चाचण्यांत रूडी जुलियानी आघाडीवर होते आणि संभाव्य लढतींत त्यांचे नाव हमखास असे. प्रत्यक्ष मतदान सुरू झाल्यावर त्यांना एकही राज्य जिंकता आले नाही. ज्याचे नाव राज्यातल्या अनेकांनी ऐकलेलेही नाही, अशा दुसऱ्या एखाद्या राज्याच्या राज्यपालाला 38 टक्के मिळत असतील, तर ते त्याच्यापेक्षा त्याच्या पक्षाचे मोजमाप समजावे.

आता त्रुटीच्या मर्यादेत न बसणारी चूक. विस्कॉन्सिनमध्ये 2016 च्या अखेरच्या चाचण्यांची सरासरी क्लिंटन यांना सहा टक्क्यांहून अधिक पुढे दाखवत होती. ट्रम्प तिथे एका टक्क्याहूनही कमी फरकाने जिंकले. अनेक राज्यवार चाचण्यांनी शिक्षणानुसार भारांकन केले नव्हते, म्हणजे नमुन्यातले पदवीधरांचे प्रमाण प्रत्यक्ष मतदारांमधल्या प्रमाणाशी जुळवून घेतले नव्हते, त्यामुळे पदवीधरांचा वाटा फुगला, हे त्याचे एक कारण नंतरच्या तपासणीत पुढे आले. पण 2020 मध्ये बहुतेकांनी ती दुरुस्ती केल्यानंतरही त्याच राज्यात डेमोक्रॅट जो बायडन यांची ट्रम्प यांच्यावरील सरासरी आघाडी आठ टक्क्यांच्या आसपास होती आणि ते जिंकले जेमतेम 0.6 टक्क्याने. अशा चुका एकाच दिशेने आणि शेजारच्या राज्यांतही एकदमच होतात. म्हणून एकाच संस्थेच्या मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनियातल्या आघाड्यांना तीन स्वतंत्र पुरावे मानू नये. त्यापेक्षा विस्कॉन्सिनमधल्या मार्क्वेट (Marquette) विद्यापीठाच्या विधी विद्यालयासारखी जी संस्था एकाच राज्यात वर्षानुवर्षे चाचण्या घेते, तिच्या आजच्या आकड्याची तुलना तिच्याच जुन्या आकड्याशी करावी.

न्यू जर्सीत नातेवाईक असलेल्या मराठी वाचकांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. ‘भारतीय वंशाचे मतदार बाजू बदलत आहेत’ असे राज्यवार चाचणीच्या आधारे छापून येते, तेव्हा आधी त्या गटातील लोकांची संख्या शोधावी. 600 जणांच्या नमुन्यात सर्व आशियाई मतदार मिळून जेमतेम काही डझन निघतात आणि भारतीय त्यांचा एक भाग असतात. एवढ्या लोकांवरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

शेवटी, लढत मोडली, म्हणजे एखादा उमेदवार बाहेर पडला, तर नोंदी फेकू नयेत. नोव्हेंबर 2023 मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि सिएना कॉलेज यांच्या सहा राज्यांतील चाचणीत ट्रम्प पाच राज्यांत बायडन यांच्या पुढे होते. सहाही राज्ये मिळून आकडे होते 48 आणि 44. 21 जुलै 2024 रोजी बायडन यांनी माघार घेतली आणि ती लढतच उरली नाही. तरी ट्रम्प यांचा रकाना कामाचा राहिला: त्या सहा राज्यांत त्यांना अखेर 49 ते 53 टक्क्यांच्या दरम्यान मते मिळाली, म्हणजे प्रतिस्पर्धी बदलूनही त्यांचा आकडा फारसा हलला नाही. अशा वेळी बायडन यांच्यासारख्या माघार घेतलेल्या उमेदवाराच्या रकान्यावर तारीख घालून तो बंद करावा, नव्या उमेदवारासाठी कोरा रकाना उघडावा आणि जुन्या आघाडीची सरासरी नव्या लढतीच्या सरासरीत मिसळू देऊ नये.