कापसाची गादी पुन्हा भरून घेताना

गादी कडक झाली, मधोमध खड्डा पडला, म्हणून ती टाकून देऊ नका. दबलेला कापूस पिंजला की पुन्हा फुलतो. मात्र तो भिजून बुरशी धरलेला नसावा, कारण तो वास पिंजूनही जात नाही.

हे काम उन्हाळ्यातच काढावं. कापूस हवेतला ओलावा धरून ठेवतो, आणि ओलसर कापसाच्या गुठळ्या पिंजताना नीट सुटत नाहीत. खोळ उसवून कापूस दोन दिवस कडक उन्हात पसरा. नाकाला फडकं बांधा, धूळ फार उडते.

सहा बाय तीनच्या गादीला साधारण 9 ते 10 किलो कापूस लागतो. जुन्यातला एखाद-दीड किलो धुळीत आणि तुटक्या तंतूंत जातो, तेवढा नवा घालावा लागतो. पिंजायला देताना आणि परत घेताना वजन समोर करून घ्या. नवा कापूस घेताना चिमूटभर जाळून पाहा: खऱ्या कापसाला जळक्या कागदासारखा वास येतो आणि मऊ राख उरते, कडक मणी उरला तर त्यात पॉलिस्टर आहे. रंगीत धागे दिसले तर तो चिंध्या पिंजून केलेला माल. तो लवकर बसतो, घेऊ नका.

खोळीला घट्ट विणीचं जाड सुती कापड, 44 इंच पन्ह्याचं, सव्वाचार मीटर. आधी धुऊन आटवून घ्या. भरल्यावर खोळ लांबी-रुंदीला चारेक इंच आखडते, म्हणून मापाला मापच शिवली तर गादी पलंगाला अपुरी पडते.

भरणीत खरी कसोटी कोपऱ्यांची. तीन बाजू शिवून खोळ उलटवली की सगळ्यात आधी आतले दोन कोपरे मुठीने दाबून घट्ट भरा, मग कडा, शेवटी मध्य. घाईत मध्य आधी भरला तर कोपरे पोकळ राहतात आणि कापूस हळूहळू तिकडे सरकतो. तोंड शिवून गादी काठीने झोडा आणि तळहात फिरवून उंचवटे शोधा.

मग टाके. लांब दाभण, दुहेरी जाड सुती दोरा, दर 9 इंचांवर एक टाका. म्हणजे रुंदीत तीन, लांबीत सात, असे एकवीस. प्रत्येक टाक्याखाली दोन्ही बाजूंना कापडाची छोटी घडी ठेवा, नाहीतर दोरा खोळ कापतो. फार ओढून बांधलं तर खळगे पाठीला टोचतात, सैल ठेवलं तर कापूस गोळा होतो. गादी एका बोटाच्या पेराइतकी दबली की गाठ मारा.

उशीला एक ते सव्वा किलो कापूस पुरतो. सावरीचा कापूस असेल तर तो यंत्रावर देऊ नका. त्याचे तंतू आखूड आणि ठिसूळ असतात, भुगा होतो. बिया काढून हातानेच मोकळा करा आणि अभ्र्याच्या आत आणखी एक घट्ट विणीची खोळ घाला.

पहिले दोन महिने गादी दर आठवड्याला उलटी करा, डोक्याची बाजू पायाशी आणा.