कोल्हापूर ते नागपूर: हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ घरबसल्या कसा काढावा

कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्सप्रेसने नागपूर गाठायचं तर पुणे, मनमाड, भुसावळ असा वळसा पडतो आणि प्रवास १,२०० किलोमीटरच्या घरात जातो. विमानाला हा वळसा नाही. मग सरळ अंतर किती? कागद, पेन आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढ्यावर काम होतं.

१. मोबाइलच्या नकाशावर धावपट्टी शोधा आणि तिच्यावर बोट दाबून धरा, म्हणजे अक्षांश-रेखांश दिसतील. शहराच्या नावावर दाबू नका. नाशिकचा विमानतळ ओझरला आहे, आणि गोव्याचे तर दोन आहेत, दाबोळी आणि मोपा. उजळाईवाडीचे (कोल्हापूर) आकडे १६.६६ आणि ७४.२९, सोनेगावचे (नागपूर) २१.०९ आणि ७९.०५.

इथे एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलोय. काही ठिकाणी आकडे अंश-मिनिटांत असतात. १६ अंश ४० मिनिटं म्हणजे १६.४० नव्हे! मिनिटांना ६० ने भागायचं, उत्तर १६.६७. ही चूक केलीत तर विमानतळ ३० किलोमीटर दक्षिणेला सरकतो.

२. अक्षांशांची वजाबाकी करून १११ ने गुणा. एक अंश अक्षांश साधारण तेवढे किलोमीटर भरतो. ४.४३ × १११ = ४९२.

३. रेखांशांना मात्र १११ चालत नाही, कारण ध्रुवाकडे जाताना त्या रेषा जवळ येत जातात. महाराष्ट्रापुरते १०५ धरा. ४.७६ × १०५ = ५००.

४. आता शाळेतला पायथागोरस. दोन्हींचे वर्ग, त्यांची बेरीज, तिचं वर्गमूळ. उत्तर सुमारे ७०० किलोमीटर. दिल्ली किंवा दुबईसाठी ही युक्ती वापरू नका. लांबच्या पल्ल्याला पृथ्वीचा गोलावा हिशेबात घ्यावा लागतो.

५. वेळ काढताना आधी विमान कोणतं ते बघा. पंख्यांचं एटीआर ताशी ५०० च्या आसपास उडतं, छोटं जेट ८०० च्या. नुसता भागाकार केला तर एटीआरला १ तास २४ मिनिटं आणि जेटला ५३ मिनिटं येतात. पण विमान काही पहिल्या मिनिटापासून त्या वेगात नसतं. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, वर चढणं, उतरणं, यासाठी एटीआरला २० आणि जेटला ३० मिनिटं वाढवा. (जेट जास्त उंच चढतं, म्हणून त्याला जास्त.) म्हणजे अनुक्रमे पावणेदोन तास आणि जवळपास दीड तास.

तिकिटावरची वेळ याहून थोडी जास्त दिसली तर बिचकू नका. ती विमान जागेवरून हललं तिथपासून दुसरीकडे उभं राहीपर्यंतची असते, आणि विमान कंपन्या त्यात उशिराची सोय आधीच करून ठेवतात. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे नागपूरकडे जाताना काही मिनिटं वाचतात आणि परतताना ती जातात.

त्या दिवशी थेट विमान नसेल तर हाच हिशेब मुंबईमार्गे दोन तुकड्यांत करा. कोल्हापूर-मुंबई ३०८, मुंबई-नागपूर ६८६, एकूण ९९४ किलोमीटर. दोन्ही उड्डाणांना चढण्या-उतरण्याची मिनिटं वेगवेगळी धरायची, आणि मधली मुंबईतली बैठक वर.