अँटिबॉडीची व्हरायटी पोरांना चिठ्ठ्यांनी शिकवा

आमच्या रत्नागिरीकडे भातलावणी आली की लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जंतूंच्या तापाचा, विषय निघतोच, आणि बारावीची पोरं विचारतात की कधी न पाहिलेला जंतू शरीर ओळखतं कसं. उत्तर अँटिबॉडीत, म्हणजे जंतूला चिकटणाऱ्या प्रोटीनच्या व्हरायटीत आहे. तीन रंगांच्या चिठ्ठ्या करा, ४० पिवळ्या म्हणजे व्ही, २३ हिरव्या डी, ६ निळ्या जे, माणसाच्या हेवी चेनच्या, म्हणजे अँटिबॉडीतल्या मोठ्या साखळीच्या, जीनच्या तुकड्यांचे हे साधारण आकडे. डोळे मिटून एकेक उचलायची, त्याच क्रमाने चिकटवायची, ५,५२० जोड्या शक्य होतात. मग सांध्यावर कात्रीने थोडं कापा, पेनाने डीएनएच्या ए, टी, जी, सी यातली दोन-चार अक्षरं घुसडा, ही पायरी अजिबात गाळू नका कारण खरी व्हरायटी इथेच वाढते. लाइट चेनला, म्हणजे छोट्या साखळीला, डी नसतो. साधारणपणे एका बी पेशीची (अँटिबॉडी बनवणारी पांढरी पेशी) अँटिबॉडी एकाच प्रकारची, हे पक्कं बसवा.